नमुना सही

एकतीस वर्षं मी बडोद्यात, रावपुऱ्याच्या शाखेत
लोकांच्या सह्या जुळवल्या.
एका हातात कार्ड, दुसऱ्यात चेक,
मध्ये माझे डोळे, कुणाचेच सगेसोयरे नसलेले.
किती जणांना परत पाठवलं:
काका, वेलांटी बसत नाही.
बेन, शेपूट लांबलं.

आता माझंच शेपूट लांबलंय.

श्रावणातल्या एका सोमवारी, दाढी करताना
हात माझ्यातून निसटला,
वस्तरा त्याच्यासोबत गेला.
मंदाकिनी म्हणते, पडता पडता तुम्ही
‘नळ बंद कर’ म्हणालात.
मला आठवतं ते फक्त पाणी.

मग इला ब्रह्मभट्ट आली. पीएच. डी. करते,
केसांत पेन्सिल खोचून.
माझ्या चांगल्या हातावर तिने जाड पिशवी चढवली,
मनगटाशी पट्टा आवळला. रोज सहा तास.
म्हणजे धडधाकटाला कोंडायचं
आणि लुळ्याला म्हणायचं, जा, बाजार करून ये.
मी म्हटलं, बेटा, हा कुठला न्याय?
ती म्हणाली, दादा, थोरला सगळं उरकून टाकतो
म्हणून धाकटा शिकत नाही.
मी घरात धाकटाच. मला पटलं नाही.

टेबलावर खोका, लाकडी ठोकळे, मध्ये फळी.
एक मिनिट. या खणातून त्या खणात.
पहिल्या दिवशी दोन.
आठव्या दिवशी पाच. मग पुन्हा चार.
मोजताना आकडे गुजरातीत येत, बे, त्रण,
मराठीतले कुठे दडी मारून बसले होते कोण जाणे.
ज्या दिवशी सात झाले, मी मोठ्याने ‘सात!’ म्हणालो
आणि कोणत्या भाषेतलं ते
मला सांगता येईना.

इला समजावते: विश्वामित्रीला पूर आला,
काळ्या घोड्याचा पूल बंद झाला,
तर तुम्ही घरी जात नाही का?
मेंदूचंही तसंच. रोज त्याच बोळातून गेलात
की बोळाचा रस्ता होतो.
होतो गं, मी म्हटलं,
पण रिक्षावाला दुप्पट घेतो.
ती हसली, आणि वहीत लिहून घेतलं.
खोटं नाही. शर्टाचं एक बटण लावून
मी दुपारभर झोपतो.

तिच्या आलेखात मी ठिपका आहे, नंबर सतरा.
बाकीचे रेषेच्या अंगाखांद्यावर खेळतात,
मी खाली,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.
विचारलं, मला खोडलंस तर रेष सुधारेल?
सुधारेल, ती म्हणाली.
म्हणूनच खोडत नाही.

आज पेन्शनच्या कामाला बँकेत आलो.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
सर, इथे रवानविलकर लिहिलंय.
खरंच. माझा ख मधोमध फुटला होता,
इकडे र, तिकडे व,
मध्ये एक ठोकळा मावेल इतकी जागा.
अंगठा देता का, म्हणत
त्याने शाईचं पॅड सरकवलं.
मी म्हटलं, नवीन कार्ड दे.

तीन चौकटी. तीन सह्या. बावीस मिनिटं.
कोंडलेला डावा मांडीवर धुमसत होता,
रांग मागे खोकत होती.
तीन ख, तिघांच्या फटी वेगवेगळ्या.
मुलगा म्हणाला, सर,
या तर एकमेकींशीच जुळत नाहीत.

मी त्याला सांगितलं, जे मला पहिल्या वर्षी
पवळे हेडक्लार्कनी सांगितलं होतं:
दोन सह्या तंतोतंत जुळल्या
तर समज, त्यातली एक खोटी.

तो कार्ड घेऊन मॅनेजरकडे गेलाय.
पंखा फिरतोय. शाईचं पॅड उघडंच आहे.
आजचे सहा तास भरायला
चाळीस मिनिटं कमी आहेत,
आणि मला घाई नाही.